हवेवरची नोकरी

देशाच्या सागरी सीमांचं रक्षण करण्याइतकं मोठं भाग्य दुसरं नाही. निवृत्त झाल्यापासून हे वाक्य मी बीड जिल्ह्यातल्या निरनिराळ्या व्यासपीठांवर ऐकत आलो आहे. दर वेळी ते माझ्याकडे हात करून म्हटलं जातं आणि दर वेळी म्हणणाऱ्यानं समुद्र पाहिलेला नसतो. मी शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन गंभीर चेहऱ्यानं बसतो. त्या व्यासपीठावर समुद्राकडून आलेल्या वस्तू दोनच असतात, मी आणि नारळ.

भाग्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रक्षण म्हणजे मी नक्की काय करत होतो, ते एकदा सांगून टाकावं म्हणतो. तटरक्षक दलाच्या हॉवरक्राफ्ट तुकडीत मी यांत्रिक, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा, होतो, आणि नोकरीचा बराचसा काळ मी एका अवाढव्य रबरी घागऱ्याची झिजलेली बोटं काढून तिथं नवी बसवण्यात घालवला.

हे जरा फोड करून सांगायला हवं. हॉवरक्राफ्ट हे होडी, गाडी आणि विमान यांच्यातलं कुणाच्याच पंगतीत न बसणारं यंत्र आहे. एक दांडगा पंखा त्याच्या पोटाखाली हवा कोंबतो. ती हवा निसटू नये म्हणून चारी बाजूंनी जाड रबरी कापडाचा घेर लावलेला असतो. त्याला इंग्रजीत स्कर्ट म्हणतात. या हवेवर सगळं धूड उचललं जातं आणि मागचे पंखे त्याला पुढं ढकलतात. वजन पुष्कळ, पण बूडही तसंच रुंद, त्यामुळं तळहाताएवढ्या जागेवर जेमतेम एका दुधी भोपळ्याचा भार येतो. तेवढा भार हवा आनंदानं पेलते. घेराच्या खालच्या काठाला रबराच्या सुट्या जिभा लोंबत असतात, त्यांना बोटं म्हणतात. खडक, शिंपले, मोडके खुंट यांवर घासून ती झिजतात. ती बदलणारा माणूस मी.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी असा प्रदेश उघडा पडतो की त्याला पाणी म्हणता येत नाही आणि जमीनही म्हणता येत नाही. तिथं होडी रुतते, माणूस कमरेपर्यंत जातो. अशा जागी आम्ही जायचो. याचं कौतुक मी सुट्टीवर आलो की गावात मोठ्या हौसेनं सांगायचो. तिथंच सगळा घोटाळा झाला.

आमचं गाव नेकनूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. गावात माझ्याखेरीज समुद्र पाहिलेला एकच माणूस होता, आसाराम नाना. नाना शेळ्यामेंढ्या राखायचे. एकदा देवदर्शनाच्या गाडीतून ते कोकणात जाऊन आले होते, त्यामुळं समुद्राच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. पहिल्या सुट्टीत पारावर त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

"कशावर चालती म्हनलास?"

"हवेवर, नाना."

"पान्यात?"

"पाण्यावर. पाण्याला लागत नाही."

"आन चिखलात?"

"चिखलावरूनही जाते."

"उद्या आपल्या रानात आनली तर?"

"सपाट असलं तर चालेल की."

"चाकं किती?"

"चाकं नाहीत, नाना."

नानांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग सगळ्यांकडं बघून म्हणाले, "म्या समिंदर पाह्यलाय. लई मोठा हाय. पर असलं काई न्हाई तिथं."

विषय संपला. त्या दिवसापासून मी गावात 'हवेवरचा रामकिसन' झालो. फौजेत गेलेल्यांना लोक फौजी म्हणतात, मला कुणी म्हटलं नाही. पुढच्या सुट्टीत चूक सुधारावी म्हणून मी यंत्राला सोडून स्वतःच्या कामाबद्दल बोललो. त्यातून एवढंच पसरलं की रामकिसन तिकडं घागरे शिवतो. लग्न झाल्यावर माझी बायको कावेरी महिनाभरात मला विचारती झाली, "तुमी खरंच घागरे शिवता का? न्हाई, शिवत असाल तर आसू द्या. पर कुनाचे?"

तिला मी किनाऱ्यावरच्या वसाहतीत घेऊन गेलो आणि यंत्र दाखवलं. तिनं ते वाळूवरून सरळ पाण्यात जाताना पाहिलं. आवाजानं तिच्या कानठळ्या बसल्या आणि पदर उडून शेजारणीच्या तोंडावर गेला. गावाकडं तिनं हे सगळं शपथेवर सांगितलं, पण बायकोची साक्ष धरली गेली नाही. पुढं मोबाइल आले तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. मी नानांना चित्रफीत दाखवली. नानांनी ती शेवटपर्यंत पाहिली, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "परवा ह्याच्यातच वाघ भाकरी थापीत हुता."

नोकरीतल्या गोष्टी सांगायच्या तर पराक्रमाच्या अपेक्षेनं वाचणाऱ्यांची निराशा होईल. आमच्या यंत्राचा पहिला गुण म्हणजे वारा. ते किनाऱ्यावर आलं की भोवती वादळ उठायचं. एका कोळीवाड्याजवळ चिखलात रुतलेल्या होडीवरच्या माणसांना आणायला आम्ही गेलो होतो. येताना किनाऱ्याला लागलो तर समोर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. आमच्या वाऱ्यानं अर्धा कोळीवाडा बोंबलांनी भरला. वाचवलेला म्हातारा उतरता उतरता मला म्हणाला, "माझा जीव वाचला तो बरा झाला, पण तुमच्यामुळं आता घरात कोण घेईल?" त्यानंतर आम्ही येताना दिसलो की त्या गावचे लोक आधी वाळवण आत घेत आणि मग बुडणाऱ्याची चौकशी करत.

दुसरा गुण आवाज. जुन्या यंत्रात शेजारच्या माणसाशी बोलणं अशक्य होतं. सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले. हात वर म्हणजे वेग वाढव, तळहात खाली म्हणजे उतरव, गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद. या सवयीचे परिणाम माझ्या घरात अजून आहेत. मी जेवताना मीठ मागितलं की तिसऱ्या घरातून विचारणा होते.

मग बदलाचे दिवस आले. आमच्या ताफ्यातली यंत्रं जुनी झाली होती. त्यांचे सुटे भाग मिळेनात, एकाचा अवयव दुसऱ्याला लावून आम्ही दिवस काढत होतो. त्यांच्या जागी नवी यायची ठरली. नव्यांसाठी जुन्या माणसांच्या सूचना मागवल्या, तेव्हा सगळ्यांनी शस्त्रं, दुर्बिणी, रडार अशा उच्च गोष्टी सुचवल्या. मी चहाचा पेला ठेवायला जागा मागितली. जुन्या यंत्रात थरथर इतकी असायची की पेला खाली ठेवला की तो आपण होऊन दुसऱ्या माणसाकडं जायचा.

नवी यंत्रं आली. देखणी, समोर पडदे, पडद्यांवर आकडे, आत वातानुकूलन. आणि शांत. पेला ठेवायला जागाही होती. पहिल्या आठवड्यातच आमच्यात भांडणं लागली. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना काय वाटेल ते बोलत आलो होतो, पण ऐकू येत नव्हतं. नव्या यंत्रात सगळं ऐकू आलं. काही जुन्या मित्रांना एकमेकांचं मत तेव्हा पहिल्यांदा कळलं.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, नवी यंत्रं खरोखर चांगली आहेत. बिघाड व्हायच्या आधी ती सांगतात. जुनं सांगत नसे, त्याच्याजवळ उभं राहून अंदाज घ्यावा लागे. पंख्याच्या आवाजात जरा खरखर आली की डाव्या अंगाच्या धारव्याकडं, म्हणजे बेअरिंगकडं, बघायचं, घेर एका बाजूला लुळा वाटला की कुठलं तरी बोट फाटलं. ही विद्या जमवायला मला अर्धं आयुष्य लागलं आणि ती ज्या दिवशी पुरती जमली, साधारण त्याच सुमारास तिची गरज संपली. असं पुष्कळांच्या बाबतीत होतं, त्यामुळं त्याचं फार दुःख करण्यात अर्थ नाही. थोडं केलं.

मी निवृत्त होऊन गावी आलो. जुनी यंत्रं सेवेतून काढली जात होती. एखादं कुठं दर्शनी ठेवायला देतात, असं मी पारावर बोलता बोलता बोललो. ते आमचे सरपंच नामदेव आबा यांच्या कानावर पडलं. शेजारच्या गावानं नुकताच वेशीवर सिमेंटचा गरुड बसवला होता, आणि तेव्हापासून आबांना नीट झोप नव्हती.

"रामकिसनराव," आबा म्हणाले. राव मला पहिल्यांदाच लागलं होतं. "गरुडापक्षा मोठी हाय का?"

"आबा, गरुड तिच्या केबिनमध्ये मावेल."

"मंग आनायची."

आबांचं राजकारणातलं वजन मी तोवर ऐकूनच होतो, त्या वर्षी पाहिलं. अर्ज गेले, माणसं भेटली, आणि एक दिवस रस्त्यात मावावं म्हणून बाजूचे सज्जे उतरवलेलं एक जुनं हॉवरक्राफ्ट मोठ्या ट्रेलरवर नेकनूरच्या बाजारातून आमच्या गावाकडं निघालं. इंजिनं काढून घेतलेली होती. आमच्या तुकडीतलंच होतं ते. त्याच्या घेराची कितीतरी बोटं माझ्या हातची होती, मी ती ठिगळांवरून ओळखली. शाळेजवळ सपाट सिमेंटचा ओटा केला होता. क्रेननं ते ओट्यावर ठेवलं आणि सगळा गाव भोवती जमला.

हवा नसलेलं हॉवरक्राफ्ट हे पाहण्यासारखं दृश्य नसतं. घेर खाली गोळा होतो, पोट जमिनीला टेकतं, आणि एखादी म्हैस उन्हात बसकण मारून बसावी तसं ते दिसतं. आसाराम नानांनी त्याला एक फेरी मारली. काठीनं रबर टोचलं. वाकून खाली पाहिलं.

"रामा, चाकं तर खरंच न्हाईत बे हिला."

"मी म्हणालो होतो, नाना."

"पर ही तर बसल्याली हाय."

"आत हवा नाही म्हणून."

"हां," नाना म्हणाले आणि सगळ्यांकडं वळून पुन्हा म्हणाले, "हां." त्या दुसऱ्या 'हां'वर लोक हसले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी स्वतःचं नुकसान करून घेतलं आहे. आतापर्यंत मी न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलत होतो, म्हणजे निदान शंकेला जागा होती. आता ती गोष्ट शाळेसमोर ढिम्म बसलेली होती आणि मी मरेपर्यंत ती तशीच बसून राहणार होती. येणारा-जाणारा विचारणार, ही चालती का, आणि गाव म्हणणार, रामकिसन म्हनतो बा. मला तिनं चालायला नको होतं. एकदाच, सगळ्यांच्या देखत, ती जमिनीवरून सुटायला हवी होती. चार बोटांएवढी सुटली तरी चाललं असतं.

आबांचं दुखणं वेगळं होतं, पण औषध तेच. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि आबांना फोटोत बसलेली म्हैस नको होती.

"ही उभी ऱ्हायली पायजे," आबा म्हणाले. "कावून उभी ऱ्हाईना?"

"हवा लागेल, आबा. पोटात जोरानं हवा भरावी लागेल, आणि भरत राहावी लागेल."

"हवाच ना? हवेला काय तोटा हाय आपल्याकडं?"

तिथं बालाजी उभा होता. बालाजीची दोन मळणी यंत्रं आहेत. मळणी यंत्रात शेंगा फोडून झाल्या की एक जबर पंखा भुस्सा उडवून लांब फेकतो. त्याच्या नळीसमोर उभं राहिलेला माणूस टोपी शोधायला शेजाऱ्याच्या रानात जातो. बालाजी म्हणाला, "फौजीकाका, दोन्ही पंखे लावू. ट्रॅक्टर पळवू फुल. न्हाई उठली तर नाव सांगायचो न्हाई."

मला फौजीकाका म्हटलं गेलं होतं. तेवढ्यावर मी हिशेबाला बसलो. इंजिनं निघाल्यामुळं वजन कमी झालं होतं. ओटा गुळगुळीत होता, हवा फार निसटणार नव्हती. दुधी भोपळ्याचा आता मध्यम दुधी झाला होता. दोन पंख्यांनी मिळून तेवढं उचलायला हरकत नव्हती. मी कामाला लागलो. फाटकी बोटं शिवली, ठिगळं डकवली. ताडपत्रीच्या दोन जाड नळ्या शिवून घेतल्या, पंख्यांची तोंडं त्यातून यंत्राच्या पोटाला जोडायची. कावेरी येऊन म्हणाली, "मला वाटलं हुतं रिटायर झाल्यावर तरी घागरे सुटतील."

अडचण एकच, ऐन सोयाबीनची काढणी चालू होती. बालाजीची यंत्रं उद्घाटनाच्या सकाळपर्यंत शेतात भाड्यानं लागलेली. ती मळणी करून रानातूनच सरळ आली. मी पट्टे तपासले, नळ्या तपासल्या, सांधे तपासले. हॉवरक्राफ्टवाल्यानं जे जे पाहायचं ते सगळं पाहिलं. पंख्याच्या आणि नळीच्या पोटात काय साठलं आहे ते कुणी पाहिलं नाही. समुद्रावर भुस्सा नसतो, आणि बालाजीला इतकी वर्षं भुस्सा हा यंत्राचाच भाग वाटत आला होता.

ज्यांनी सोयाबीन केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्या शेंगेवर बारीक लव असते. मळणीत ती भुस्स्यात मिसळते. अंगाला लागली की जी खाज सुटते ती आंघोळीनंही लगेच जात नाही. मळणीला जाणारे लोक म्हणून पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घालतात आणि तोंड बांधतात. उद्घाटनाला जाणारे लोक तसं करत नाहीत.

पाहुणे आले. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, मागं तसेच दहा-बारा पांढरे पोशाख. व्यासपीठ यंत्राच्या अगदी जवळ बांधलं होतं, फोटोत दोन्ही यावं म्हणून. पाहुण्यांसाठी क्रेनला मैलभरावरून दिसेल असा झेंडूचा हार टांगला होता. आणि आयत्या वेळी प्रश्न निघाला लिंबाचा.

आमच्याकडं नवं वाहन आलं की पूजा होते आणि चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतात. त्याशिवाय वाहन लाभत नाही. या वाहनाला चाक नव्हतं. गुरुजी विचारात पडले. आबांनी माझ्याकडं पाहिलं. तोडगा नानांनी काढला.

"ही उठनार हाय ना? उठली की म्या लिंबू आत सरकवतो. मंग खाली बसू द्या तिला लिंबावर. झालं."

"आणि नाही उठली तर?" कुणीतरी विचारलं.

"मंग सरबत," नाना म्हणाले.

ते लिंबू घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून, घेराच्या काठाशी उकिडवे बसले. मी ब्लेझर घालून, पदकं लावून समोर उभा राहिलो. बालाजी आणि त्याचा भाऊ दोन ट्रॅक्टरांवर. पाहुण्यांनी फीत कापली. मी हात वर केला.

ट्रॅक्टर गरजले. ताडपत्रीच्या नळ्या फुगून टणक झाल्या. घेराच्या सुरकुत्या एकेक करून निघू लागल्या. म्हैस हलली. आधी मागचं अंग वर आलं, मग पुढचं, आणि घेर गोल, तुकतुकीत, अगदी नोकरीतल्यासारखा ताठ उभा राहिला. निम्म्या गावाचे मोबाइल वर झाले. कावेरीनं तोंडावर पदर धरला होता, पण डोळे हसत होते. मी पुन्हा हात वर केला आणि दोघा भावांनी ट्रॅक्टर पुरते पळवले.

आमच्या धंद्यात यंत्र जमिनीवरून सुटल्याची खूण एकच. काठाची बोटं दाबलेली असतात ती मोकळी होतात आणि फडफडायला लागतात. माझ्या बाजूची बोटं फडफडली. मी ती पाहिली. तोंडातून शब्द निघायच्या आत सगळ्या हंगामाचा भुस्सा घेराच्या काठाखालून चहूबाजूंनी बाहेर आला.

पुढचं कुणालाच दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही उरलंच नाही. सगळीकडं पिवळी धूळ. लोकांनी डोळे गच्च मिटले. मी बालाजीच्या दिशेनं गळ्यावरून आडवा हात फिरवला, बंद कर म्हणून. धुळीतून बालाजीला एवढंच कळलं की फौजीकाका गळ्याकडं हात करतोय, म्हणजे हार घाला. त्यानं क्रेनवाल्याला इशारा केला. ट्रॅक्टर तसेच चालू, आणि वरून झेंडूचा तो प्रचंड हार शांतपणे खाली उतरून आबा, पाहुणे आणि ध्वनिक्षेपक या तिघांना मिळून पडला.

शेवटी मी जाऊन दोन्ही ट्रॅक्टरांच्या किल्ल्याच फिरवल्या. यंत्र हळूहळू खाली बसलं. धूळही बसली, पांढऱ्या पोशाखांवर. निवेदक शिस्तीचा माणूस होता. कागदावर पुढं राष्ट्रगीत लिहिलेलं होतं, त्यानं ते जाहीर केलं.

आमच्या गावाची शिस्त मी त्या दिवशी पाहिली. मानेत, कमरेत, बाह्यांत, नको तिथं भुस्सा गेलेला सगळा गाव सावधान उभा होता आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकाही माणसानं हात हलवला नाही. माझ्या नोकरीत मी पुष्कळ संचलनं पाहिली, इतकं कडक एकही नव्हतं. गीत संपताक्षणी जे झालं त्याचं वर्णन करत नाही. पाहुण्यांनी सागरी सीमांच्या रक्षणावरचं भाषण तिसऱ्या वाक्यात आटोपलं. इतकं आटोपशीर भाषण आमच्या गावात त्याआधी झालेलं कुणाला आठवत नाही, आणि टाळ्याही त्या मानानं फार पडल्या.

संध्याकाळी पारावर एकच चर्चा. उठली का न्हाई?

"फुगली," कुणी म्हणालं. "फुगली म्हंजे उठली न्हवं."

"मी बोटं फडफडताना पाहिली," मी म्हणालो.

"तुमी पाह्यनारच, काका."

सगळ्यांचे मोबाइल निघाले. गावात निम्म्या लोकांनी चित्रण केलेलं होतं. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधी फुगलेला घेर आणि मग पिवळी धूळ. धुळीच्या आत माणसं खोकल्याचा आवाज. शेवटी सगळे नानांकडं वळले. काठाशी सगळ्यात जवळ तेच होते.

"नाना, तुमी तर लगूट बसलतात. उठली का?"

"म्या घोंगडी घेतलती तोंडावर."

"मंग लिंबू?"

"लिंबू सुटलं हातातनं."

"आत गेलं का?"

नानांनी जरा विचार केला. "आत गेलं आसंल," ते म्हणाले, "न्हाई तर भाईर."

लिंबू बाहेर कुठं सापडलं नाही. पण त्या गर्दीत ते कुणाच्या पायाखाली गेलं असेल, कुणी घरी नेलं असेल. आत आहे का पाहायचं तर यंत्र पुन्हा उचलावं लागलं असतं, आणि दुसऱ्यांदा बोलवायचं म्हटल्यावर बालाजीही दिसेनासा झाला. मी पुन्हा हवेवरचा रामकिसन झालो. फौजीकाका बालाजीपुरता टिकला, तोही भाड्याचा विषय नसेल तेव्हा.

मग अवकाळी पाऊस आला. दोन दिवस चांगला पडला. आठवड्याभरानं मी सहज शाळेकडं गेलो तर ओट्याच्या कडेनं, जिथं सिमेंट संपून माती लागते तिथं, हिरवं काही दिसलं. भुस्स्यात नेहमी थोडे दाणे जातात. ते उगवले होते. सोयाबीनची कोवळी रोपं, हॉवरक्राफ्टच्या भोवती सलग, एकसारख्या अंतरावर, पाभरीनं पेरल्यासारखं गोल कडं. कुठं खंड नाही, कुठं दाटी नाही.

मी बराच वेळ उभा राहिलो. यंत्र एका बाजूनं जरी टेकलेलं राहिलं असतं, तरी हवा फक्त दुसऱ्या बाजूनं निसटली असती आणि दाणे तिकडंच पडले असते. चारी बाजूंना सारखे दाणे पडायचे तर घेर चारी बाजूंनी सारखा सुटायला हवा. याहून चांगली साक्ष मला कुठल्याही कचेरीत मिळाली नसती. मी जाऊन नानांना घेऊन आलो आणि हे सगळं हात करून, शक्य तितक्या हळू आवाजात समजावून सांगितलं.

नाना काठी टेकत कड्याभोवती पूर्ण फिरले. दोन ठिकाणी वाकून रोपांमधलं अंतर वितीनं मोजलं. मग सरळ उभे राहून एकदा यंत्राकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी नोकरीत इतक्या माणसांना हे यंत्र समजावलं, इतकं पुरतं कळलेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही.

"सकाळी गावाला बोलावतो," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा सगळ्यांना."

"बोलीव की," नाना म्हणाले आणि शेळ्या बांधायच्यात म्हणून निघून गेले.

सकाळी मी आबांना, बालाजीला आणि पारावरच्या मंडळींना घेऊन शाळेपाशी पोचलो, तेव्हा नानांच्या शेळ्या कड्याच्या शेवटच्या टोकाला पोचल्या होत्या. सोयाबीनचा कोवळा पाला शेळ्या फार आवडीनं खातात.